फळा पुसणे म्हणजे धडा पुसणे नव्हे

कामरगाव
सोमवार, ६ जानेवारी २०२५

श्री. गफ्फारभाई यांस,
नमस्कार.

(नमस्कारापूर्वी 'सप्रेम' हा शब्द लिहिण्याची प्रथा आहे. या वेळी तो गाळला आहे, विसरलेला नाही.)

आपण अकोल्याहून वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवलेला ध्वनिसंदेश ग्रंथपाल निकिताने मला ऐकवला. तिने तो वाचनालयाच्या पायरीवर, आवाज मोठा करून ऐकवला. त्यामुळे समोरच्या पानठेल्यावरील मंडळींनाही त्याचा लाभ झाला. आपले शब्द होते तसे उद्धृत करतो. त्यांच्या शुद्धतेची जबाबदारी माझी नाही :

"गुरुजीनं त्या काळ्या डब्ब्यात काहीतरी खटखट केलं अन् आख्खी स्मरणिका उडवली. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. आता बसा म्हणा आज्ञा देत!"

हे निवेदन आरंभापासून चुकीचे आहे. म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

आपले चिरंजीव एजाज यांनी अकोल्याच्या त्यांच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात दुरुस्त केलेला एक संगणक वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भेट दिला. तो आला दसऱ्याला. आपण संदेशात 'दिवाळीच्या पाडव्याले' म्हणता. दिवाळीच्या पाडव्याला यंत्रपूजा कोण करतो? त्या दिवशी झालेला पहिला वाद तरी आपल्याला आठवत असेल. मी हळदकुंकू कळफलकाला वाहिले, कारण अक्षरे तिथे आहेत. आपण झेंडूचे फूल त्या शेपटीवाल्या वस्तूवर, म्हणजे माउसवर, ठेवले आणि म्हणालात, "खरा देव हा हाय, बाकी सारी आरास." कुंकू कळांच्या फटीत गेल्याने एक कळ आजही अडकते, हे मी नाकारत नाही. परंतु आपल्या झेंडूने त्या उंदराचे काय भले केले, हेही आपण सांगितलेले नाही.

एजाज जाताना म्हणाले, "काका, दोन्ही सोय करून ठेवली हाय. चित्रावर टिचकी मारा, नाहीतर काळ्या चौकटीत हुकूम लिहा. काम एकच होते." त्या सुज्ञ मुलाला वाटले, दोन सोयी दिल्या म्हणजे दोघांचे समाधान होईल. त्याने आपल्याला व मला अद्याप ओळखलेले नाही.

माझे मत मी तेव्हा मांडले, आजही तेच आहे. काळ्या चौकटीत मनुष्य यंत्राशी बोलतो. क्रिया कोणती, ती कशावर करायची, कशी करायची, हे सारे त्या एका ओळीत सांगावे लागते. अर्धवट सांगितले तर यंत्र मुकाट्याने ऐकून घेत नाही. अशी आज्ञा आढळली नाही, असे स्पष्ट बजावते. इतका प्रामाणिक श्रोता मला सबंध नोकरीत एकाही वर्गात लाभला नाही. उलट आपल्या त्या चित्रांच्या बाजारात काय आहे? बोट दाखवायचे आणि 'ते दे' म्हणायचे. भाषा येण्यापूर्वी बालक हेच करते.

यावर आपण, जन्मभर कापड विकलेले, भर वाचनालयात म्हणालात, "दुकानात गिऱ्हाईक आलं तं म्या त्याले व्याकरण पुसतो काय? ते बोट दाखवते, म्या थान काढतो. अन् मुका माणूस काय उघडाच फिरते बे?"

त्या मुक्या माणसापुरते आपले म्हणणे मान्य. एक मुद्दा मान्य करणे म्हणजे हरणे नव्हे.

आता मुख्य घटना. स्मरणिकेसाठी आलेले हस्तलिखित लेखांची छायाचित्रे आपण फोनवर टिपून यंत्रात घालत होता (फोनमधली जागा भरते म्हणून तिथली लगेच पुसतही होता) आणि मी ते पडद्यावर वाचून दुरुस्त्या सुचवत होतो. ते सर्व 'स्मरणिका' नावाच्या फोल्डरमध्ये होते. १९ डिसेंबरला सकाळी मी ते उघडले, तर आत काही नव्हते. इतक्यात आपण आत आलात. मी म्हणालो, "रिकामे आहे!" आपण म्हणालात, "तूच रिकामं केलं!" मी म्हणालो, तुमच्या उंदराने ते केराच्या टोपलीत ओढले असणार. आपण म्हणालात, माझ्या तोंडातून आज्ञेशिवाय काही निघत नाही म्हणून माझ्या घरी कुत्रेही राहत नाही. (आमच्याकडे कुत्रा कधी नव्हताच. हेही चूक.) दोनच दिवसांनी आपण मेहरुन्निसावहिनींसह अकोल्याला निघून गेलात. जाताना निरोपही दिला नाहीत.

आता स्थिती अशी : सुवर्णमहोत्सव १६ फेब्रुवारीला आहे. कारंज्याच्या छापखान्याला महिनाअखेरीस मजकूर हवा. लेख पुन्हा मागवता येतील, पण वाचनालयाचे संस्थापक मारोतराव यांचा लेख पुन्हा मिळणार नाही. त्यांनी सांगितला, निकिताने सुट्या कागदांवर उतरवला, आपण टिपला आणि कागद त्यांच्या घरी परत गेले. तिथे सुनेने ते मुगवड्या वाळवायला अंथरले. मी मारोतरावांकडे पुन्हा सांगण्याची विनंती घेऊन गेलो. ते म्हणाले, "एकदा सांगतलं न बावा. आता दुसऱ्यांदा सांगीन तं दुसरंच निघन."

मारोतरावांच्या लेखाविना पन्नास वर्षांची स्मरणिका म्हणजे नवरदेवाविना वरात. तेव्हा आपण तो लेख कोठे टाकलात, एवढे कळवावे. अन्य काही कळवण्याची आवश्यकता नाही.

आपला,
इंद्रभान गावंडे
(सेवानिवृत्त मुख्याध्यापक)

·

कामरगाव
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

श्री. गफ्फारभाई यांस,
नमस्कार.

आपले उत्तर निकिताच्या फोनवर मिळाले. ते एक चित्र आहे : पिवळा, उभा अंगठा.

मी चार पाने लिहिली. आपण अंगठा दिलात. या पंचक्रोशीत अंगठा उठवणाऱ्यांना सही शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि शेवटी माझ्याच वर्गमित्राने मला अंगठा पाठवला. चित्रांच्या पद्धतीविषयी माझे जे मत होते, त्याला आपण आयता पुरावा जोडलात. तो जपून ठेवण्यास निकिताला सांगितले आहे.

त्यानंतर आलेला ध्वनिसंदेशही ऐकला. आपण म्हणता :

"काहून रे इंद्रभान, येवढं लिहितेत काय कोनी? मेहरुन्निसानं वाचून दाखवलं, मधात दोनदा चहा झाला. यूसरा म्हणे, दादाजी, हे पत्र हाय का परीक्षेचा पेपर? अन् तू मले बोट दाखवणारं लेकरू म्हणते? गोजरावहिनीले लग्नाचं लुगडं घ्याले तू माह्याच बापाच्या दुकानात आलता न? रंगाचं नाव तरी आलं व्हतं काय तुले? 'ते... तिकडचं... ते' म्हणे! निस्तं बोट दाखवत व्हता!"

हा संदेश निकिताने पुन्हा पायरीवरच ऐकवला. पानठेल्यावर जो हशा झाला, तो अद्याप संपलेला नाही. शिवाय आमच्या सौभाग्यवतीपर्यंत वार्ता पोहोचली. ती म्हणाली, "मंग? बोट दाखवलं म्हणूनच तं चांगलं लुगडं आलं. नाव सांगतलं असतं तं भलतंच आणलं असतं तुमी." त्या रंगाला आमसुली म्हणतात, हे मला आता ठाऊक आहे.

परंतु आपल्या संदेशातील पुढचे वाक्य गंभीर आहे : "म्या आलो तवा तू कायतरी टाइप केलं अन् पडद्यावरचं सारं गायब झालं. काळं कुळकुळीत. हे झूट हाय का?"

हे झूट नाही. मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष समूळ चुकीचा आहे.

त्या सकाळी मी 'स्मरणिका' उघडून आत काय आहे, ते दाखवण्याची आज्ञा दिली. काही दिसले नाही. पुन्हा दिली, पुन्हा दिली. पडदा माझ्याच आज्ञांनी भरून गेला. तेव्हा मी 'क्लिअर' अशी आज्ञा दिली. तिचा अर्थ 'नष्ट कर' असा नाही. तिचा अर्थ 'फळा पूस' असा आहे. तास संपला की फळा पुसायचा, पुढच्या शिक्षकाला आपली अक्षरे पुसायला लावायची नाहीत, हा नियम मी नोकरीत एक दिवसही मोडला नाही. गणिताच्या तासानंतर फळा तसाच ठेवणाऱ्या दौलतसिंग मास्तरांशी माझे किती वर्षे बोलणे बंद होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तीच सवय येथेही आहे. काम थांबले की मी पडदा पुसतो. फळा पुसला म्हणून धडा पुसला जात नाही. तसे असते तर आपण दोघेही चौथीच्या पुढे गेलो नसतो.

म्हणजे मी काही उडवलेले नाही. उरता उरलात आपण.

केराच्या टोपलीत पाहिले. तिथेही काही नाही. मग मी यंत्राला आज्ञा दिली की, तुझ्यात जितकी छायाचित्रे असतील तितकी दाखव. आज्ञा निर्दोष होती. यंत्राने तिचे अक्षरशः पालन केले. पडद्यावरून आकड्यांच्या ओळी अशा धावू लागल्या की निकिता म्हणाली, "गुरुजी, हे तं मुंगळ्याची रांग सुटल्यावानी झालं." त्यांतील काही उघडून पाहिल्या. आपली नात नमरा हिचा साखरपुडा. बिर्याणीचा देग, झाकणासह. तोच देग, झाकणाविना. एकच बोकड, तिन्ही बाजूंनी. वाचनालयाच्या यंत्रात आपण सारा संसार ओतलेला आहे आणि एकाही छायाचित्राला नाव नाही. मी आपल्याला बजावले होते की, लेखांना नावे द्या. आपण म्हणालात, "नाव कायले पाह्यजे? मले दिसते न!"

आपल्याला दिसते. मला दिसत नाही. आणि नाव नसलेल्या वस्तूला हाक कशी मारावी, हे मला शिकवले गेलेले नाही.

छापखान्यातून विचारणा झाली. मी 'लेख तपासणे चालू आहे' असे उत्तर दिले. ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

इंद्रभान गावंडे

ता. क. आपल्या खुर्चीवर सध्या कोणी बसत नाही. ती एका बाजूला कलते, हे कारण असावे.

·

कामरगाव
सोमवार, २७ जानेवारी २०२५

प्रिय गफ्फार यास,
सप्रेम नमस्कार.

निकिता आज सकाळी धावत माझ्या घरी आली. पायरीपर्यंत जाण्याची वाट न पाहता तिने तुझा संदेश ओट्यावरच लावला :

"हाय अल्ला! फळा पुसला व्हता तू? निस्ता फळा? अबे मंग आधी नाही सांगता येत? म्हणजे तू काही उडवलंच नाही... मंग ते हायच न तिथं! आदल्या दिशी, बुधवारी जातानी म्या दुकान वाढवलं न बे! माल असा काउंटरवर उघडा ठेवून जातेत काय कोनी? सारा गठ्ठ्यात बांधून आत ठेवला. मले वाटलं, गुरुजीनं गठ्ठ्यासकट उडवला, आता काय तोंड घेऊन सांगू!"

मी हा संदेश तीनदा ऐकला. पहिल्यांदा मला राग आला, दुसऱ्यांदा समजले आणि तिसऱ्यांदा आमची सौ. हसली म्हणून मलाही हसावे लागले.

तू कापडाचे दुकान गेल्या वर्षी बंद केलेस, पण दुकान वाढवण्याची सवय बंद केली नाहीस. रोज सायंकाळी गिऱ्हाइकांनी उलगडलेली थाने घडी घालून, जात जुळवून, फडताळात जागच्या जागी ठेवल्याशिवाय तू कधी कुलूप लावले नाहीस. लोकांची पंगत उठली तरी तुझ्या घड्या चालू असत. मी हे वर्षानुवर्षे दुकानाच्या फळीवर बसून पाहिले आहे. तोच मनुष्य यंत्रासमोर बसल्यावर लेख पडद्यावर उघडे टाकून जाईल, असे मी कसे मानले? आणि ज्याने मला वर्षानुवर्षे वर्गाच्या खिडकीतून फळा पुसताना पाहिले, त्या तुला तरी माझा पुसलेला पडदा पाहून फळा का आठवला नाही? मी तासाअखेरीस पुसला आणि तू दुकानाअखेरीस आवरलेस. दोघांनी आपापला शिरस्ता पाळला आणि त्यावरून महिनाभर अबोला धरला.

तुझ्या संदेशाचा पुढचा भाग आता माझ्या अभ्यासाचा विषय आहे :

"आयक. काळी पाटी बंद कर. उंदराले हातात घे. डाव्या कोपऱ्यात दुकानाचं चित्र हाय, त्याले दोनदा ठोक. आत जा. सगळ्यात मागचा गठ्ठा उघड. चांगला माल म्या पुढं ठेवतो काय कधी? त्याच्या आत आखीन मागचा उघड. तिथं गुलाब हाय. गुलाबाले ठोक. घाई करू नोको."

गफ्फार, हे तू काय केलेस, तुला कळले का? प्रत्येक वाक्यात क्रियापद आहे. कर्म सुस्पष्ट आहे. क्रम अचूक आहे. एक शब्द अधिक नाही. (तो बोकडही कुठे आला नाही.) तू मला सबंध आज्ञावली लिहवून दिलीस. आणि मी, आज्ञेचा पुरस्कर्ता, ती पाळण्यासाठी उंदीर हातात घेऊन बसलो.

त्यानंतरचा प्रसंग निकिता तुला सांगेलच आणि विपर्यास करून सांगेल, म्हणून मीच सांगतो. दोनदा ठोकणे मला साधेना. पहिल्या ठोक्यानंतर मी परिणामाची वाट पाहत असे. निकिता म्हणाली, "गुरुजी, टिचकी मारा, छडी नोको." मग मी दुकानाचे चित्र उघडण्याऐवजी ते ओढत पडद्याच्या दुसऱ्या टोकाला नेले. तिथून परत आणले. पानठेल्यावरची दोन माणसे आत येऊन माझ्या मागे उभी राहिली. एक म्हणाला, "गुरुजी गाडी शिकून राह्यले काय?" त्याला मी बाहेरचा रस्ता दाखवला असता, पण माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

शेवटी दुकान उघडले. मागचा गठ्ठा, म्हणजे फोल्डर, उघडला. त्याच्या आतला मागचा उघडला. आणि खरोखरच, गुलाब.

त्यावर दोनदा टिचकी मारली, बरोबर मारली, आणि समोर सारे लेख होते. कोणावर कमळ, कोणावर आगगाडी. मारोतरावांच्या लेखावर मोर. मी तो तिथेच, मोठ्याने वाचला. 'पहिली पुस्तके आम्ही ज्वारीच्या पोत्यात ठेवली, कारण कपाट नव्हते आणि पोते होते.' हे वाक्य मारोतराव पुन्हा सांगू शकले नसते. मीही नसतो लिहू शकलो. त्यात एकही दुरुस्ती केलेली नाही, याची नोंद घ्यावी.

कोणत्या पद्धतीने हे सापडले असते? काळ्या चौकटीत मी जन्मभर हाका मारल्या असत्या, तरी निनावी गठ्ठ्यातला निनावी लेख 'ओ' देता ना. आणि तुझे चित्र मी उघडले असते का? तू शब्दांत सांगितलेस, तेव्हाच ना. यापलीकडे मी काही मान्य करणार नाही. मर्यादा असते.

फक्त एका बाबीचा खुलासा हवा. माझ्या स्वतःच्या लेखावर तू गाढवाचे चित्र का लावले आहेस?

तुझा,
इंद्रभान

·

कामरगाव
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

प्रिय गफ्फार यास,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुझा खुलासा ऐकला : "ते गाढव नाही बे, घोडा हाय! चष्म्याचा नंबर वाढला तुया." निकिताने चित्र मोठे करून दाखवले. कान पाहता मी माझ्या मतावर ठाम आहे. सौ. म्हणते, "घोडा असो का गाढव, तुमाले वळखून लावलं न त्यानं?" मी तिला विचारले, ओळखून म्हणजे काय? ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मजकूर छापखान्यात गेला आहे. जाण्यापूर्वी मी काळ्या चौकटीत बसून प्रत्येक लेखाला नाव दिले. चित्रे मात्र तुझी तशीच ठेवली आहेत, गाढवासह. नाव माझे, चित्र तुझे. ज्याला जे दिसेल त्याने ते उघडावे. एजाजने पहिल्याच दिवशी हे सांगितले होते, असे निकिता म्हणाली. मी तिला पुस्तके आवरायला सांगितले.

तुझ्या खुर्चीचा कलता पाय सुताराकडून बसवून घेतला आहे. आता ती सरळ उभी राहते आणि त्यामुळे कोणीही तीवर बसू पाहते. कालच एक जण बसला होता. मी त्याला उठवले. हे मला रोज करता येणार नाही.

मारोतराव विचारत होते, "गफ्फार कुठी हाय? त्याच्याबिगर प्रकाशन करान तं म्या येणार नाही. पोतं त्याच्याच बापानं देल्तं." त्यांचे वय पाहता त्यांना रुष्ट करणे बरे नाही.

तू म्हणतोस, स्मरणिकेतल्या तुझ्या लेखात तारखा मी घालाव्यात, तुला आठवत नाहीत. तुझा लेख वाचला. तारखांखेरीज त्यात हात लावावा असे काही आढळले नाही; हे वाक्य मी सहसा लिहीत नाही. तारखा मात्र अशा दुरुस्त केल्या आहेत, आणि हात लागलाच म्हणून तुझ्या संदेशांतल्याही :

वाचनालयाची स्थापना. तू म्हणतोस, २६ जानेवारी, कारण झेंडा आठवतो. झेंडा शाळेचा होता. योग्य तारीख : १६ फेब्रुवारी १९७५.

संगणकाचे आगमन. तू म्हणतोस, दिवाळीचा पाडवा. योग्य तारीख : विजयादशमी, १२ ऑक्टोबर २०२४. कळीत अडकलेले कुंकू साक्षीला आहे.

लेखांचा गठ्ठा बांधला. तू म्हणतोस, बुधवार. बरोबर आहे. १८ डिसेंबर २०२४. दुकानाचा वार तू कधी चुकणार नाहीस.

फळा पुसला. तू म्हणतोस, शुक्रवार, नमाजानंतर. योग्य तारीख : गुरुवार, १९ डिसेंबर २०२४. दुसऱ्या दिवशी तू नमाजाहून परतताना रस्ता ओलांडून पलीकडून गेलास, म्हणून शुक्रवार लक्षात राहिला असेल. माझ्याही आहे.

प्रकाशन समारंभ. निकिताला तू सांगितलेस की, "सतराले येतो." समारंभ रविवार, १६ फेब्रुवारी २०२५ रोजी आहे. तू आणि वहिनींनी शनिवारीच, १५ ला, कारंज्याला गाडी बदलून यावे. तुमच्या घराची झाडलोट सौ.ने करून घेतली आहे, पण त्या रात्रीचे जेवण आमच्याकडे.

गफ्फारने कामरगाव सोडले. माझ्या टिपणात २१ डिसेंबर २०२४ अशी नोंद होती. तू परवाच्या संदेशात म्हणालास, "म्या कुठी गेलतो बे? पोराकडे चार दिस राह्यले आलो." तुझे म्हणणे ग्राह्य धरले आहे. माझी नोंद चुकीची होती, ती खोडली.

तुझा,
इंद्रभान